किशोरवयीन मुलांमधील नैराश्य आणि आक्रमक वर्तन: कोल्हापुरातील पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीच्या वयाचे मूल घरात सतत भांडू लागले, वस्तू फेकू लागले, धाकट्या भावंडावर हात टाकू लागले की घरातील चर्चा शिस्तीभोवती फिरू लागते. या वर्तनामागे नैराश्य असू शकते ही शक्यता फार उशिरा, कधी कधी पोलीस ठाण्याची किंवा रुग्णालयाची पायरी चढल्यावरच लक्षात येते. कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील पालक, शिक्षक आणि तालमीतील वस्ताद जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही माहिती प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही. मूल जीव देण्याची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा करत असेल तर पुढचे वाचत बसू नये. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलावे किंवा सरळ रुग्णालय गाठावे.

नैराश्य म्हणजे उदास होऊन कोपऱ्यात बसणे. जो मुलगा दिवसभर भांडतो, त्याला नैराश्य कसे असेल?

आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र असते ते प्रौढ माणसाच्या नैराश्याचे असते. मुले आणि किशोरवयीन यांच्याबाबत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदान-निकषांत एक वेगळी तरतूद आहे: उदास मनःस्थितीच्या जागी चिडचिडी मनःस्थिती असली, तरी ती नैराश्याचे मुख्य लक्षण धरता येते. एकूण नऊ लक्षणांपैकी किमान पाच लक्षणे सलग दोन आठवडे दिसावी लागतात, आणि त्यांत उदासी (या वयात चिडचिड) किंवा कशातच रस न वाटणे, या दोहोंपैकी एक असावेच लागते. उरलेली लक्षणे म्हणजे झोप बिघडणे, भूक किंवा वजन बदलणे, सतत थकवा, एकाग्रता न होणे, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थ येरझाऱ्या घालणे, स्वतःला कमी लेखणे किंवा अकारण अपराधी वाटणे, आणि मृत्यूचे विचार.

१९६० आणि १९७० च्या दशकांत काही तज्ज्ञ अशा मुलांच्या बाबतीत ‘मुखवट्याआडचे नैराश्य’ असे म्हणत असत. मुलाला दुःख जाणवतच नाही, ते केवळ वर्तनातून बाहेर पडते, अशी त्यामागची समजूत होती. ती पुढे मागे पडली, कारण मुलाला एकटे घेऊन, घाई न करता, सरळ प्रश्न विचारले तर बहुतेक मुले आपले दुःख सांगू शकतात असे आढळले. आमच्या मते पालकांनी लक्षात ठेवण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बहुतेक घरांत मुलाला ‘असे का वागलास?’ हे दहा वेळा विचारलेले असते; ‘तुला सध्या कसे वाटते?’ हे एकदाही विचारलेले नसते.

हे वयच तसे असते. वयात येणाऱ्या मुलाचा नेहमीचा राग आणि आजारातील राग वेगळा कसा ओळखावा?

रागाच्या तीव्रतेवरून ओळखू नये. अगदी निरोगी मुलगाही एखाद्या दिवशी दार आपटतो. तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हा बदल कधीपासून आहे. जो मुलगा लहानपणापासून नाकावर राग घेऊन वावरतो त्याची गोष्ट वेगळी आणि जो आठवीपर्यंत शांत होता व गेल्या दिवाळीनंतर एकाएकी सर्वांच्या अंगावर येऊ लागला त्याची वेगळी. दुसरी, दोन भांडणांच्या मधल्या काळात तो कसा असतो. निरोगी मुलाचा राग तासाभरात निवळतो, तो मित्रांबरोबर हसतो, जेवणावर ताव मारतो. नैराश्यातील मुलाची चिडचिड भांडण संपले तरी संपत नाही. ती दिवसभर खालच्या पट्टीत चालूच राहते.

तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी असते: त्याच्या आयुष्यातून काय गळून पडले. पहाटे पाचला स्वतः उठून तालमीत जाणारा मुलगा महिनाभर लाल मातीत उतरलेला नाही. वह्या कोऱ्या आहेत. डबा तसाच परत येतो आणि विचारले तर ‘भूक नव्हती’ एवढेच उत्तर मिळते. पेठेची फुटबॉल टीम सामना खेळत असताना तो घरी पंख्याकडे पाहत पडून राहतो. कोल्हापूरच्या मुलाने शाहू स्टेडियमकडे पाठ फिरवली तर ती बाब गुणपत्रिकेइतकीच गांभीर्याने घ्यावी, असे आम्ही थोडे गमतीने आणि बरेचसे मनापासून सांगतो.

आधी नैराश्य येते की आधी आक्रमकता?

दोन्ही वाटा आहेत, आणि पुष्कळदा एकच मूल दोन्हींवरून फिरत असते.

नैराश्यातून आक्रमकतेकडे जाणारी वाट अशी असते. येल विद्यापीठातील जॉन डोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये असे मांडले, की उद्दिष्टाच्या आड अडथळा आला की आक्रमकता निर्माण होते. मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी १९८९ मध्ये त्यात दुरुस्ती सुचवली: अडथळाच असायला हवा असे नाही, कोणतीही क्लेशदायक भावना, म्हणजे वेदना, उकाडा, दुःख, आक्रमक प्रतिक्रियेचा उंबरठा खाली आणते. नैराश्यातील मूल याच खाली आलेल्या उंबरठ्यावर उभे असते. त्यात विचारांची एक सवय भर घालते. समोरच्याची संदिग्ध कृती वैरभावानेच केलेली आहे, असा अर्थ ही मुले पटकन लावतात; वर्गात मागे कोणी हसले की ते आपल्यालाच हसले आणि रिक्षा स्टॉपवर कोणी पाहिले की तो खुन्नस देत होता.

उलट दिशेची वाट अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांच्या संशोधनातून पुढे आली. लहानपणापासून हट्टी आणि मारकुट्या असलेल्या मुलाला चांगले मित्र टाळू लागतात, शिक्षक त्याच्याकडे संशयाने पाहतात, अभ्यास मागे पडतो, घरातील प्रत्येक संभाषण तक्रारीने सुरू होते. अपयश आणि नकार यांचा हा साठा किशोरवयात नैराश्याचे रूप घेतो. म्हणूनच ‘वाया गेलेला’ असा शिक्का ज्याच्यावर आधीच बसला आहे, त्याच्या नैराश्याची चौकशी सर्वांत कमी होते.

या दोहोंखेरीज समान मुळे असतात: घरातील मारहाण, वडिलांचे दारूचे व्यसन, आईचे उपचार न झालेले नैराश्य, लैंगिक अत्याचार, शाळेतील छळ, आणि आनुवंशिकता. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या काठच्या गावांतील हजारो घरे पाण्याखाली गेली होती. तेव्हा सात-आठ वर्षांची असलेली मुले आज या वयात आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या वर्तनाची चौकशी करताना पुरात काय काय गेले, हेही विचारायला हवे.

अशा रागात मेंदूमध्ये काय घडत असते?

भीती आणि धोका यांना तत्काळ प्रतिसाद देणारा भाग, म्हणजे अमिग्डाला, किशोरवयात जोमाने काम करत असतो. त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र वयाच्या पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो. नैराश्यात झोप तुटते, आणि अपुऱ्या झोपेने हा आवर आणखी ढिला पडतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते, त्यामुळे त्यांना रात्री लवकर झोप येत नाही. पहाटेचा क्लास लावला म्हणून ते घड्याळ मागे येत नाही.

मुलींमध्येही असे दिसते का?

दिसते. वयात आल्यानंतर मुलींमध्ये नैराश्याचे प्रमाण मुलांच्या सुमारे दुप्पट होते. त्यांची आक्रमकता हातापेक्षा शब्दांतून, अबोल्यातून, मैत्रिणीला गटाबाहेर टाकण्यातून किंवा स्वतःच्याच शरीरावर व्यक्त होते. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालण्याचा आग्रह, मनगटावर ओढणी गुंडाळून ठेवणे, या गोष्टी दिसल्या तर आरडाओरडा न करता एकांतात विचारावे. दुसरीकडे, मुलगी उलट बोलली की ‘सासरी कसे व्हायचे?’ हे वाक्य आपल्याकडे इतके सवयीचे आहे, की तिच्या चिडण्यामागे काही असेल ही शंकाच कोणाला येत नाही.

म्हणजे प्रत्येक आक्रमक मुलाला नैराश्य असते आणि नैराश्य असलेले प्रत्येक मूल धोकादायक असते का?

दोन्ही विधाने चुकीची आहेत. नैराश्य असलेली बहुसंख्य मुले कोणालाही इजा करत नाहीत. त्यांच्याकडून धोका असलाच तर तो इतरांपेक्षा त्यांना स्वतःलाच अधिक असतो. आक्रमकतेचेही प्रकार आहेत. चिथावणी मिळाल्यावर भडकून केलेला हल्ला आणि थंड डोक्याने, काही मिळवण्यासाठी केलेली दादागिरी यांत अभ्यासक फरक करतात, आणि नैराश्याचा संबंध प्रामुख्याने पहिल्या प्रकाराशी आढळतो. लहान मुलांकडून पैसे उकळणारा आणि त्याचा पश्चात्ताप न वाटणारा मुलगा वेगळ्या मूल्यमापनाचा विषय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयोगटातील सातपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण सुमारे ७.३ टक्के निघाले. पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा कोल्हापूरला लावू नये.

नैराश्याव्यतिरिक्त आणखी कोणती कारणे तपासावी लागतात?

अतिचंचलता आणि अवधानदोष, चिंताविकार, अध्ययन अक्षमता, द्विध्रुवीय विकार, फिट्स येण्याचा आजार, थायरॉइडचे विकार आणि रक्तक्षय यांचा विचार डॉक्टर करतात. यांपैकी द्विध्रुवीय विकाराकडे विशेष लक्ष द्यावे लागते. काही दिवस मुलगा अत्यंत कमी झोपूनही थकत नाही, अखंड बोलतो, मोठमोठ्या योजना आखतो, पैसे उधळतो आणि अडवल्यास हिंसक होतो, असे घडले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यानुसार औषध बदलते.

व्यसनांची चौकशी करताना दारू, गांजा आणि तंबाखू यांच्यापाशी थांबू नये. शरीर लवकर ‘बनवण्यासाठी’ जिममध्ये काही मुले स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात. पुरुषी संप्रेरकांसारखी ही द्रव्ये घेताना चिडखोरपणा वाढू शकतो आणि ती बंद केल्यावर नैराश्य येऊ शकते. दंड-बैठका आणि खुराकावर पोसलेल्या शरीराचे कौतुक असणाऱ्या आपल्या शहरात हा प्रश्न विचारायला संकोच वाटू नये; जुन्या वस्तादांना तर तो बहुधा सर्वांत आधी सुचतो.

सगळे मोबाइलमुळे झाले आहे, असे म्हणता येईल का?

इतके सरळ नाही. रात्री दोनपर्यंत चालणारा गेम झोप खातो आणि झोप गेली की चिडचिड वाढते, हे खरे. परंतु ज्याला झोपच येत नाही आणि दिवसा कोणाशी बोलावेसे वाटत नाही, तोही रात्री मोबाइलच हातात घेतो. तो एकाएकी हिसकावून घेतल्यावर होणाऱ्या भांडणांत गंभीर इजा झाल्याची उदाहरणे आहेत. रात्री ठरावीक वेळी घरातील सर्वांचे मोबाइल, वडिलांचाही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावण्याचा नियम अधिक काळ टिकतो.

तालीम किंवा फुटबॉल बंद करावा का? तिथेच मारामाऱ्या शिकतो असे वाटते.

शक्यतो बंद करू नये. नियमित व्यायामाचा नैराश्यावर चांगला परिणाम होतो, शिवाय वस्तादांचा धाक आणि माया हे दोन्ही अनेक मुलांना घरात मिळत नाही. पेठांच्या ईर्षेतून मैदानाबाहेर होणारी हुल्लडबाजी ही वेगळी गोष्ट. तिथे मित्रांचा गट पाहावा, खेळ तोडू नये.

घरातील वडीलधारे म्हणतात की हे बाहेरचे आहे, देवऋष्याकडे न्यावे. काय करावे?

अंबाबाईची ओटी भरावी, जोतिबाला जाऊन यावे. श्रद्धेने घराला धीर मिळत असेल तर कोणत्याही डॉक्टरांची त्याला हरकत नसते. उपचार मात्र थांबवू नयेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलाला मारणे, बांधून ठेवणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रत्यक्ष भांडण पेटलेले असताना पालकांनी काय करावे?

अनेक घरांत थोड्याफार फरकाने घडणारा एक प्रसंग पाहू. वडील शिरोली एमआयडीसीतील दुसरी पाळी करून मध्यरात्री घरी येतात. मुलगा मोबाइल घेऊन जागाच असतो. ‘अजून झोपला नाहीस व्हय रे? सकाळी क्लासला कोण जाणार, मी?’ मुलगा उत्तर देत नाही. वडील आवाज चढवतात. ‘पप्पा, माझ्या मागं लागू नका,’ एवढे म्हणून तो उठतो, वडील दारात आडवे उभे राहतात, आई दोघांच्या मध्ये येते आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात कपाटाची काच फुटते.

यात काच फुटण्याचा क्षण ठरतो तो वडील दारात आडवे उभे राहतात तेव्हा. भडकलेल्या मुलाची बाहेर पडण्याची वाट कधीही अडवू नये. त्याला गच्चीवर किंवा अंगणात जाऊ द्यावे. त्याच्यापासून दोन हात लांब, शक्यतो थोडे बाजूला उभे राहावे. आवाज खाली आणावा आणि वाक्ये छोटी ठेवावीत: ‘आत्ता नको. उद्या बोलू.’ त्या क्षणी जुन्या चुकांची यादी काढू नये, शेजाऱ्यांना साक्षीला बोलावू नये, धाकट्या मुलांना दुसऱ्या खोलीत न्यावे. हातात चाकू किंवा कोयता असेल, अथवा कोणाला इजा होईल असे वाटत असेल, तर ११२ वर फोन करण्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र बोलायचेच. अनेक घरांत भांडणानंतर दोन दिवस अबोला आणि तिसऱ्या दिवशी आवडीचे मटण, असा क्रम असतो; झालेल्या प्रकाराविषयी कोणीच काही बोलत नाही. ते टाळावे. ‘तुझी काहीतरी घालमेल चालली आहे हे आम्हाला दिसते आहे. काच मात्र तुझ्या खाऊच्या पैशांतून बसवायची,’ ही दोन्ही वाक्ये एकाच संभाषणात असावीत. नैराश्य असल्याने मुलाच्या रागाचे कारण समजते. मारहाणीची मुभा त्यातून मिळत नाही. ओरडून मुलाला हवे ते मिळते हे एकदा कळले की पुढच्या वेळी तो आणखी मोठ्याने ओरडतो, हे पॅटरसन यांचेच निरीक्षण आहे, आणि ते पालकांच्या ओरडण्यालाही तितकेच लागू पडते.

चौदावे रत्न दाखवल्याशिवाय सुधारणार नाही, असे घरातील पुरुषमंडळी म्हणतात.

माराने त्या दिवसापुरती शांतता मिळते आणि नैराश्य व आक्रमकता दोन्ही वाढतात. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे.

जीव देण्याच्या विचारांबद्दल विचारले तर ते विचार मुलाच्या डोक्यात भरतील का?

भरत नाहीत. उलट, कोणीतरी नाव घेऊन विचारल्याने बहुतेक मुलांना सुटल्यासारखे वाटते. ‘जगण्यात अर्थ नाही असे वाटते का? स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का? कसे, ते ठरवले आहेस का?’ असे एकेक पाऊल टाकत विचारावे आणि उत्तर ऐकताना रडू आवरावे. उत्तर ‘हो’ आले तर मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. रागीट मुलांच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण नैराश्य आणि उतावळेपणा एकत्र आले की विचार आणि कृती यांच्यातील अंतर काही मिनिटांवर येते.

म्हणूनच घरातील साधने दूर करणे हा उपचाराचाच भाग आहे. उसाच्या शेतीमुळे आपल्या ग्रामीण भागात तणनाशके आणि कीटकनाशके गोठ्यात किंवा माळ्यावर सहज हाताला लागतात. पॅराक्वाटसारख्या तणनाशकावर उतारा नाही, आणि रागाच्या भरात घेतलेल्या एका घोटानंतर मुलगा पश्चात्तापाने ‘मला वाचवा’ म्हणत असला, तरी पुष्कळदा डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नाही. बाटल्या घरातून हलवाव्यात किंवा कुलपात ठेवाव्यात आणि किल्ली मुलाला ठाऊक नसलेल्या जागी असावी. आजी-आजोबांच्या गोळ्यांनाही हाच नियम लावावा.

पोलीस केस होईल या भीतीने विष घेतलेल्या मुलाला रुग्णालयात न्यायला उशीर करू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही.

कोल्हापुरात कोणाकडे आणि कुठे जावे?

निदान आणि औषधे हे मनोविकारतज्ज्ञाचे काम आहे, म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचे. चाचण्या आणि संवादाधारित उपचार चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ करतात. समुपदेशक ही उपयुक्त पहिली पायरी आहे, परंतु मारहाण किंवा आत्महत्येचे विचार असताना केवळ समुपदेशनावर थांबू नये.

दसरा चौकाजवळील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे जुन्या कोल्हापूरकरांचा थोरला दवाखाना, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे आणि तेथे केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येते. तालुक्याच्या पातळीवर १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखालील किशोरवयीन आरोग्य केंद्रे असतात. महाराष्ट्रात त्यांना मैत्री क्लिनिक म्हणतात. टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालते. मूल स्वतः मदत मागू इच्छित असेल तर त्याला १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक सांगून ठेवावा.

पहिल्या भेटीत काय होते? आम्ही काय घेऊन जावे?

डॉक्टर आधी सर्वांशी, मग मुलाशी एकट्याने बोलतात. त्या वेळी आईने दाराशी उभे राहून ‘खरे सांग हं सगळे’ असे बाहेरून सुचवू नये. मुलाने विश्वासाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट पालकांना कळवली जात नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा मात्र कळवली जाते, आणि लैंगिक अत्याचार उघड झाल्यास मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक असते.

एका कागदावर तीन-चार गोष्टी लिहून न्याव्यात: बदल कोणत्या महिन्यापासून दिसला, त्या सुमारास घरात किंवा शाळेत काय घडले होते, झोपण्याच्या आणि उठण्याच्या वेळा, आणि मोठ्या भांडणांची थोडक्यात नोंद. नातेवाइकांपैकी कोणाला मानसिक आजार होता का, कोणी जीव दिला होता का, हे चारचौघांत न सांगितलेलेही तेथे सांगावे.

औषधे द्यावीच लागतात का? त्यांची सवय लागते का?

सौम्य नैराश्यात संवादाधारित उपचार, झोप आणि घरातील वातावरण यांवर काही आठवडे काम करून पाहता येते. मध्यम आणि तीव्र नैराश्यात औषधांचा विचार होतो. अमेरिकेत १२ ते १७ वयोगटातील ४३९ मुलांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरील औषध आणि बोधनिक वर्तन उपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारा संवादाधारित उपचार) एकत्र घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के मुलांत सुधारणा दिसली. केवळ औषधाने ६१, केवळ बोधनिक वर्तन उपचाराने ४३ आणि परिणामशून्य (औषध नसलेल्या) गोळीने ३५ टक्के. शेवटचा आकडा दुर्लक्षू नये: नियमित भेटी, विचारपूस आणि वेळ यांनीही काही मुले सावरतात.

त्याच वर्षी, २००४ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा औषधांवर ठळक इशारा छापण्याचे आदेश दिले. सुमारे ४,४०० मुलांच्या २४ चाचण्या एकत्र तपासल्या असता औषध घेणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन सुमारे ४ टक्के आणि परिणामशून्य गोळी घेणाऱ्यांमध्ये २ टक्के आढळले. प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. याचा व्यावहारिक अर्थ असा, की पहिले काही आठवडे मुलावर बारीक लक्ष असावे. औषध सुरू केल्यावर अस्वस्थता, झोप उडणे किंवा आक्रमकता अचानक वाढली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पालक औषध सोडतात ते बहुधा तिसऱ्या आठवड्यात, ‘काही फरक नाही’ म्हणून, किंवा तिसऱ्या महिन्यात, ‘आता बरा आहे’ म्हणून. बरे वाटू लागल्यानंतरही सहा ते बारा महिने औषध चालू ठेवावे लागते आणि ते हळूहळू कमी करूनच थांबवावे लागते. व्यसन लागावे अशा प्रकारची ही औषधे नाहीत. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची मात्र सवय लागते आणि काही मुलांत त्यांनी उलट आवरच सुटतो.

मुलगा डॉक्टरांकडे यायलाच तयार नाही.

‘तुझ्या डोक्याचा इलाज करायचा आहे’ असे म्हटल्यावर कोणीही येणार नाही. झोप लागत नाही, डोके दुखते, थकवा जात नाही, या त्याच्याही तक्रारी असतात. तिथून सुरुवात करावी. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना किंवा वस्तादांना आधी विश्वासात घेतले तर काम सोपे होते. तरीही तो आला नाही तर पालकांनी स्वतः जाऊन सल्ला घ्यावा. फिरायला नेतो असे सांगून फसवून नेऊ नये. तो विश्वास परत मिळवायला फार काळ लागतो.

शाळेला सांगावे का?

वर्गशिक्षक किंवा मुख्याध्यापक यांपैकी एका समंजस व्यक्तीला, मुलाला विचारून, गरजेपुरते सांगावे. स्टाफरूमपर्यंत जाणारे काही सांगू नये.

मुलगा पूर्ण बरा होतो का? किती काळ लागतो?

बहुतेक मुले काही महिन्यांत सावरतात. उपचार सुरू झाल्यावर आधी झोप आणि भूक सुधारते, चिडचिड त्यानंतर ओसरते, आणि अभ्यासातील लक्ष सर्वांत शेवटी परत येते. हा क्रम ठाऊक नसल्यामुळे सहामाहीच्या गुणांवरून ‘औषधाचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. नैराश्य पुन्हा येण्याची शक्यता असते. ज्या मुलात पहिल्या वेळी ते रागाच्या रूपाने आले, त्याच्यात पुन्हाही ते तसेच येऊ शकते. त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेचे महिने, निकालाचे आठवडे आणि घरातील मोठे बदल या काळात आधीच एक भेट ठरवून ठेवावी.

मारामारीचे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले आहे आणि मुलाचे उपचार चालू आहेत. हे सांगावे का?

सांगावे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते आणि त्याचे नाव किंवा ओळख वर्तमानपत्रात छापता येत नाही. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याच्या मानसिक आणि शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन करते. इतर प्रकरणांत समुपदेशनाचा आदेश देण्याचा अधिकार मंडळाला आहे. उपचारांची कागदपत्रे, चिठ्ठ्या आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र यांच्या प्रती वकिलांमार्फत मंडळापुढे ठेवाव्यात आणि मूळ प्रती घरी जपून ठेवाव्यात. मूल निरीक्षणगृहात असेल, तर त्याची रोजची औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी पहिल्याच दिवशी तेथील अधीक्षकांकडे लेखी पोच घेऊन द्यावीत.